कमिशन घ्यायचं का, आकडे बसवून द्यायचे का? कन्सल्टंट वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी आपण नोकरी सोडून स्वतःची कन्सल्टन्सी सुरू करण्याबद्दल बोललो होतो, नोंदणी, जीएसटी, पहिला क्लायंट कुठून आणायचा वगैरे. त्यावर जी पत्रं आली त्यातल्या बऱ्याच जणांचा सूर असा होता की काम मिळतंय हो, पण क्लायंटशी वागताना कुठे थांबायचं तेच कळत नाही. म्हणून या वेळी फक्त त्याच पत्रांना उत्तरं देते. काही उत्तरं लांब झालीत, कारण "प्रामाणिक राहा" एवढं सांगून कोणाचा प्रश्न सुटत नाही, प्रत्यक्ष काय लिहायचं, काय बोलायचं तेही सांगावं लागतं.

प्रश्न : नमस्कार ताई. मी आधी फाउंड्रीत मेंटेनन्सला होतो, आता शिरोली आणि गोकुळ शिरगावला स्वतंत्र एनर्जी कन्सल्टंट म्हणून काम करतो. एक कॉम्प्रेसर डीलर म्हणतोय की तुमच्या रिपोर्टवरून माझी मशीन गेली तर ५ टक्के तुमचे. इथे सगळेच घेतात आणि क्लायंटला रेट तोच पडतो. एनर्जी ऑडिटची, म्हणजे वीज कुठे जाते ते तपासायची, फी मी १५ हजार घेतो, त्यात घर चालत नाही. घेतले तर नेमकं काय चुकलं? (एक वाचक, कोल्हापूर)

घेऊ नका. आता का ते सांगते.

क्लायंटला रेट तोच पडतो हे खरं नाहीये. १० लाखांच्या मशीनवर ५ टक्के म्हणजे ५० हजार, ते डीलर स्वतःच्या खिशातून देत नाही, कोटेशन करतानाच धरून ठेवतो, आणि तुम्ही मध्ये नसता तर मालकाने घासाघीस करून तेच ५० हजार कमी करून घेतले असते. म्हणजे तुमची खरी फी झाली ६५ हजार, त्यातले १५ क्लायंटला माहीत आहेत आणि ५० माहीत नाहीत. तुम्ही डीलरचं नाव घेऊन क्लायंटसमोर बसून हे सांगू शकाल का? सांगू शकत नसाल तर तिथेच उत्तर मिळालं.

पण पैशाचा भाग बाजूला ठेवला तरी तुमच्या स्वतःच्या कामाचं काय होतं ते बघा. समजा क्लायंटकडे ३० किलोवॅटचा कॉम्प्रेसर आहे, दिवसाला २० तास, वर्षाला ३०० दिवस चालतो, म्हणजे साधारण १ लाख ८० हजार युनिट, ९ रुपयांनी १६ लाखांच्या वर वीज. आता तुम्ही चांगले मेंटेनन्सवाले आहात, तुम्हाला माहितीये की पहिलं काम काय, तर सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशीनचे व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर एकटाच चालू ठेवायचा आणि घड्याळ लावून बघायचं की तो किती वेळ लोड होतो, म्हणजे हवा भरतो, आणि किती वेळ अनलोड, म्हणजे नुसता फिरतो. दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड आलं तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली २५ टक्के हवा नुसती गळतेय, कुठे होज फाटलाय, कुठे कपलिंग सैल आहे. दुसरं काम, ७ बारवर सेट केलेलं प्रेशर ६ बारवर चालतंय का ते बघायचं, कारण १ बार कमी केला की वीज ढोबळमानाने ६-७ टक्के कमी लागते, म्हणजे वर्षाला लाखभर रुपये, खर्च शून्य. यात डीलरला विकायला काय आहे? काहीच नाही. आणि ज्याला मशीन खपल्यावर ५० हजार मिळणार आहेत त्याच्या रिपोर्टमध्ये नवीन कॉम्प्रेसर पहिल्या पानावर येतो आणि गळती शेवटच्या पानावर जाते. तो माणूस मुद्दाम खोटं लिहितो असं मी म्हणत नाही, त्याला मनापासून वाटायला लागतं की मशीन जुनीच झालीये. हेच मला जास्त वाईट वाटतं, कारण लाच घेणाऱ्याला निदान माहीत असतं आपण काय करतोय ते.

हे मोठ्या पातळीवरही झालेलं आहे. आपल्याला दाभोळमुळे माहीत असलेल्या एनरॉनकडून आर्थर अँडरसन या ऑडिट फर्मला २००० साली ऑडिटचे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि कन्सल्टिंग वगैरे बाकीच्या कामांचे २ कोटी ७० लाख. ज्याचे हिशोब तपासायचे त्याच्याकडूनच दुसऱ्या कामाचे जास्त पैसे येतायत म्हटल्यावर तपासणारा कडक कसा राहणार? एनरॉन २००१ च्या शेवटी बुडाली आणि पुढच्या वर्षी ती फर्मही ऑडिटच्या धंद्यातून गेली. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १४४ आहे, ऑडिटरने त्याच कंपनीला मॅनेजमेंट सर्व्हिस, अकाउंटिंग, इंटर्नल ऑडिट अशा सेवा द्यायच्या नाहीत म्हणून. डॉक्टरांना २००२ च्या नियमांनी रेफरलचं कमिशन बंद आहे, ज्याला आपण कट प्रॅक्टिस म्हणतो. सीए लोकांना तशीच बंदी १९४९ च्या कायद्यापासून आहे. तुमच्या-माझ्यासारख्या बहुतेक कन्सल्टंटवर असं लक्ष ठेवणारी कुठली कौन्सिल नाही, म्हणून "सगळेच घेतात" चालून जातं. कौन्सिल नाही म्हणून आपलं आपण ठरवायचं, आणि ठरवलेलं लिहून द्यायचं. प्रपोजलमध्ये दोन ओळी घाला: "या कामात मी कुठल्याही सप्लायरकडून कमिशन, भेट किंवा सवलत घेत नाही. कोणी देऊ केल्यास तुम्हाला लेखी कळवेन." एकदा हे कागदावर गेलं की डीलर आला तरी तुम्हाला विचार करत बसावं लागत नाही. डीलरला सरळ सांगा, ते ५ टक्के क्लायंटच्या बिलात कमी करा. काही डीलर करतात, काही तुमच्याकडे लीड पाठवणं बंद करतात, तो तोटा खरा आहे आणि तो सोसावा लागेल, हे मी लपवत नाही. मशीन खरोखर बदलायची असेल तर रिपोर्टमध्ये ब्रँड लिहू नका, १०० सीएफएमला (मिनिटाला १०० घनफूट हवेला) किती किलोवॅट लागायला पाहिजे ते लिहा आणि तीन कोटेशनं मागवायला सांगा.

आणि फी वाढवा हो. या सगळ्याचं मूळ तिथे आहे. मीटर लावून दोन दिवस मोजमाप, मग आकडेमोड, रिपोर्ट, मालकासोबत मीटिंग, याचे १५ हजार होत नाहीत. महिन्याला ८-१० लाखांचं वीजबिल भरणारा कारखाना ४० हजार देऊ शकतो, फक्त त्याला दिवसागणिक कामाची फोड करून दाखवा. फी कमी ठेवून मागच्या दाराने कमिशन घ्यायचं ही इथली जुनी पद्धत आहे, ती मोडायची तर पुढच्या दाराने पूर्ण पैसे मागायला शिकावं लागतं. आणि तुम्हाला विक्रीच आवडत असेल तर तेही चांगलं काम आहे, डीलरचे सेल्स इंजिनिअर व्हा, कार्डावर तसं छापा, मग समोरच्याला कळतं तुम्ही कोणाच्या बाजूने बोलताय.

प्रश्न : मी बँक लोनसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट आणि सीएमए डेटा (धंद्याचे मागचे-पुढचे आर्थिक आकडे) करून देते. मिस्टरांच्या चुलत मामांना लातूरजवळ डाळ मिल टाकायचीये, ४० लाख लोन हवंय. मी आकडे मांडले तर डीएससीआर (उरणारी कमाई हप्त्याच्या किती पट आहे ते माप) बसत नाही. मामा म्हणतात, रिकव्हरी (तुरीतून निघणारी डाळ) ८२ टक्के लिही, पहिल्याच वर्षी मिल ९० टक्के चालते असं दाखव, बँकवाल्यांना पण माहीत असतं, तू फक्त बसवून दे. नाही म्हटलं तर घरात वाद होणार. काय करू? (एक वाचक, लातूर जिल्हा)

ताई, तुमची अडचण मला पूर्ण समजते, कारण परका क्लायंट असता तर तुम्ही हे पत्र लिहिलंच नसतं. नात्यातल्या माणसाला नाही म्हणणं हे सगळ्यात अवघड, त्यात सासरकडचे मामा.

पण हे बघा, खोटा आकडा लिहून फक्त बँक फसते असं सगळे धरून चालतात. हप्ता कोण भरणार आहे? मामा. ४० लाख, साडेदहा टक्के, सात वर्षं, म्हणजे हप्ता महिन्याला साधारण ६७ हजार. तुम्ही हिशोब दिलेला नाही, म्हणून मी समजा धरते की खरे आकडे लावले तर मिलमधून महिन्याला ५५ हजार उरतात. तर दर महिन्याला १२ हजार कुठून आणायचे? पहिले काही महिने घरातून जातील, मग सोनं गहाण जाईल, मग हप्ता चुकेल, आणि ९० दिवस थकला की खातं एनपीए. सरकारी हमी योजनेत कर्ज बसवलं तरी ती हमी बँकेला असते, कर्जदाराचं देणं त्याने माफ होत नाही, हे पुष्कळांना माहीतच नसतं. तुम्ही रिपोर्टमध्ये तुरीची रिकव्हरी ८२ लिहिली म्हणून मशीन काही ८२ देणार नाही, गिरणीवर ७० ते ७५ च्या आसपास डाळ निघते, बाकी चुनी-भुसा. आणि तूर बाजारात येते डिसेंबर ते फेब्रुवारी-मार्च, तेव्हा माल भरून ठेवायला खेळतं भांडवल लागतं, ते नसेल तर पावसाळ्यात मिल बंद उभी. पहिल्याच वर्षी ९० टक्के क्षमता कोणाची चालते?

म्हणून मामांना नुसतं "नाही" म्हणायला जाऊ नका, दुसरा कागद घेऊन जा. तेच ५५ हजार धरून बघा, १० वर्षांची मुदत घेतली तर ४० लाखांचा हप्ता ५४ हजारांवर येतो, म्हणजे हातात काहीच राहत नाही. पण मशिनरीतलं काही जुनं चांगलं घेतलं, शेड सध्या भाड्याने घेतली आणि लोन २८ लाखांवर आणलं तर १० वर्षांत हप्ता ३८ हजार, डीएससीआर १.४५ च्या आसपास, शेडचं भाडं वजा केलं तर त्याहून थोडा कमी. हे झाल्यावर बँकेशी बोलता येतं. पहिल्या वर्षी ५०-६० टक्के क्षमता, पुढे वाढती, सुरुवातीला सहा महिने फक्त व्याज, असं मांडा. पीएमईजीपीत, म्हणजे केंद्र सरकारच्या स्वयंरोजगाराच्या सबसिडी योजनेत, बसतंय का तेही बघा, उत्पादन उद्योगाला तिथे ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो आणि ग्रामीण भागात सबसिडी खुल्या वर्गाला २५ टक्के, विशेष वर्गाला, ज्यात बायकाही येतात, ३५ टक्के मिळते. मिल मामींच्या नावावर आणि मामी खरोखर धंदा बघणार असतील तर हा रस्ता आहे, नुसतं नाव लावायचं असेल तर तो पण खोटाच आकडा झाला.

हे सगळं मिस्टरांना सोबत घेऊन बोला, एकट्याने नको. आणि मामा तरीही म्हणाले की मला ४० च पाहिजेत, तर म्हणा, मामा मग दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, मी माझं नाव त्यावर घालू शकत नाही. फी घेतली असेल तर परत करा. त्यांना राग येईल. पण उद्या जप्तीची नोटीस आली तर "आकडे सूनबाईंनीच बसवले होते" हे वाक्य पण त्याच घरात बोललं जाणार आहे. आणि व्यवसाय म्हणून पण सांगते, ब्रँच मॅनेजर बदलतात, पण "या मॅडमच्या रिपोर्टमधले आकडे खरे असतात" हे बँकेत एकाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि ज्या दिवशी तुमचा खरा पण थोडा कमी डीएससीआरवाला क्लायंट जाईल त्या दिवशी ते उपयोगी पडतं.

प्रश्न : वाळूजच्या एका कंपनीत टाइम स्टडीचं काम घेतलंय. मालकांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं की १८ हेल्पर जास्त आहेत, ते तुमच्या रिपोर्टमध्ये आलं पाहिजे म्हणजे आम्हाला काढता येतील. लाइनवर सांगायचं की हा क्वालिटीचा सर्व्हे आहे. मला अवघडल्यासारखं होतंय, पण काम मोठं आहे. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

अवघडल्यासारखं होतंय ते बरोबरच होतंय. यात दोन गोष्टी आहेत, दोन्ही वेगळ्या करून बघू.

एक, लाइनवरच्या माणसांना खोटं सांगणं. पैसे ते देत नाहीत, क्लायंट मालक आहे, सगळं मान्य, पण तुम्ही ज्यांच्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन उभे राहणार त्यांच्या घरची चूल तुमच्या कागदावर ठरणार आहे. त्यांना "क्वालिटीचा सर्व्हे आहे" असं सांगणं मला तरी कुठल्याही फीसाठी पटत नाही. आणि कामाच्या दृष्टीने पण ते वाईट आहे. शॉप फ्लोअरवर बातमी अर्ध्या शिफ्टमध्ये फुटते, मग कोणी घाबरून दुप्पट वेगाने हात चालवतो, कोणी मुद्दाम हळू करतो, आणि तुमच्या रीडिंगला काही अर्थ राहत नाही. म्हणून मालकांना सांगा की मी सुपरवायझर आणि कामगारांना एकत्र बोलावून पाच मिनिटं सांगणार, कामाला किती वेळ लागतो आणि वेळ कुठे वाया जातो ते मी मोजतोय, माणसाला मार्क देत नाहीये. हे खरं असेल तरच बोला.

दोन, उत्तर आधी ठरवून मोजणं. हे करू नका. १८ निघतील, ५ निघतील, कदाचित एकही निघणार नाही. पुरेशी सायकल घ्या, दोन-तीन रीडिंगवर निष्कर्ष नको, दोन्ही शिफ्ट बघा, दमणुकीचा आणि पाणी-लघवीचा वेळ धरा, उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो जास्तच धरावा लागतो. आणि मोजताना हेल्पर रिकामा का उभा आहे तेही लिहा. फार वेळा असं निघतं की ट्रॉली वेळेवर आली नाही, स्टोअरमधून मटेरियल सुटलं नाही, डाय सेटिंगला वेळ गेला, म्हणून माणूस उभा आहे. त्याला काढलं तर ट्रॉली काही लवकर येणार नाही, उलट ऑपरेटर मशीन सोडून ट्रॉली आणायला जाईल आणि महागडी मशीन बंद राहील. हे मालकाला आकड्यात दाखवता आलं तर त्याच्या खऱ्या फायद्याचं काम तुम्ही केलंत.

आता हेही सांगते, मोजल्यावर खरोखर माणसं जास्त निघाली तर ते लपवू नका. दया आली म्हणून आकडा फिरवणं आणि मालकाला खूश करायला फिरवणं, दोन्हीत क्लायंटला खोटी माहितीच मिळते. जास्त निघाले तर लिहा, सोबत पर्याय लिहा, दुसऱ्या लाइनला घेता येतील का, शिकवून ऑपरेटर करता येतील का, ओव्हरटाइम किती आहे, कारण एकीकडे ओव्हरटाइम देतायत आणि दुसरीकडे माणसं काढतायत असं बऱ्याच ठिकाणी चालू असतं. मात्र कोणाला काढायचं हा निर्णय मालकाचा आहे आणि तो त्यांनीच स्वतःच्या सहीने घ्यायचा आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचा. "कन्सल्टंटने सांगितलं म्हणून काढलं" यासाठी तुमचं नाव भाड्याने द्यायचं नाही.

हे सगळं काम सुरू होण्याआधी, ॲडव्हान्स घ्यायच्या आधी बोला. मालक बहुतेक वेळा ऐकतात, निदान जे दहा-वीस वर्षं कारखाना चालवतायत ते ऐकतात. नाही ऐकलं तर काम सोडा, मोठं असलं तरी.

प्रश्न : भोसरीत दोन छोट्या कंपन्यांना क्वालिटी सिस्टिमचं काम करतो, दोघं एकाच ऑटो कंपनीचे व्हेंडर आहेत. एक मालक चहाला बसलं की विचारतात, "त्यांचं रिजेक्शन किती आहे? रेट काय लागला?" टाळतो, पण त्यांना वाटतं मी भाव खातोय. दोन्ही ठेवावेत का? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

ठेवा, पण दोघांना माहीत असेल तरच. तुमच्या पत्रातून असं वाटतंय की निदान एकाला माहितीये, दुसऱ्याला आहे का? नसेल तर या आठवड्यातच सांगा, नाव घेता येत नसेल तर एवढं तरी सांगा की याच लाइनमधल्या, याच कस्टमरच्या दुसऱ्या व्हेंडरकडे मी जातो. भोसरीत कुठली गाडी कुठल्या गेटसमोर उभी होती ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, ते दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे.

मालक विचारतात तेव्हा टाळू नका, सरळ बोला. "साहेब, तुमचं रिजेक्शन त्यांनी विचारलं तर मी सांगावं का?" एवढं एकदा विचारलं की पुन्हा कोणी विचारत नाही, आणि गंमत वाटेल पण त्यानंतर ते तुमच्यासमोर जास्त मोकळेपणाने बोलतात.

कुठली गोष्ट न्यायची आणि कुठली नाही यात लोकांचा गोंधळ होतो. कंट्रोल प्लॅन कसा लिहायचा, गेज कधी कॅलिब्रेट करायचे, ८डी (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय लिहायचा रिपोर्ट) कसा भरायचा हे तुमचं शिक्षण आहे, दोन्हीकडे न्या. पण अमुक कंपनीने फिक्स्चरमध्ये जो बदल करून सायकल टाइम खाली आणला तो बदल त्यांच्या टूलरूममधल्या माणसाच्या डोक्यातून आलाय, तो तुमचा नाही, जरी तुम्ही तिथे उभे होतात तरी. रेट, रिजेक्शन, ऑडिटचे मार्क, नवीन पार्टची चौकशी, कोण माणूस सोडून चाललाय, हे काहीच बाहेर नाही. मोबाईलमधले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि काम संपलं की डिलीट करा, कारण माहिती बऱ्याचदा तोंडातून न जाता चुकून फॉरवर्ड झालेल्या फोटोतून जाते.

माहिती फुटल्याने किती मोठं नुकसान होतं त्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. तिथे पीडब्ल्यूसी या मोठ्या सल्लागार फर्मच्या एका पार्टनरने बहुराष्ट्रीय कंपन्यांनी कर टाळू नये म्हणून जे कायदे होणार होते त्यावर सरकारला सल्ला देताना गुप्ततेचा करार केला होता, आणि तीच माहिती फर्ममधल्या सहकाऱ्यांना दिली, ती पुढे कंपन्यांना सल्ला विकायला वापरली गेली. २०२३ च्या जानेवारीत हे उघड झालं, आणि त्याच वर्षी त्या फर्मला सरकारी सल्ल्याचा आपला अख्खा धंदा १ ऑस्ट्रेलियन डॉलरला विकून टाकावा लागला.

दोघंही एकाच पार्टसाठी एकमेकांविरुद्ध कोटेशन भरणार असतील तर मात्र त्या कामात एकालाही सल्ला देऊ नका, ना किंमतीत ना प्रोसेसमध्ये.

प्रश्न : क्लायंट म्हणतो फी देत नाही, जेवढी वीज वाचेल त्यातले २० टक्के घ्या. हे चांगलं की वाईट? (एक वाचक, इचलकरंजी)

वाईट नाही, पण घाईत हो म्हणू नका. सीए लोकांना नफ्याच्या टक्केवारीवर फी घ्यायला, नियमात दिलेले काही अपवाद सोडले तर, मनाई आहे आणि त्यामागे कारण आहे, जो मोजतो त्यालाच मोजमापावर पैसे मिळायला लागले की मोजमाप वाकतं. विजेच्या क्षेत्रात वाचलेल्या रकमेतून हिस्सा घेणारे करार होतात, कायदेशीर आहेत, फक्त भांडणं पण तिथेच जास्त होतात. बिल कमी झालं म्हणजे वीज वाचली असं नसतं, मंदीत लूम बंद होते म्हणून पण बिल कमी येतं, आणि सीझनला काम वाढलं की तुम्ही सगळं नीट करूनही बिल जास्त येतं. म्हणून आधीच्या १२ महिन्यांचा आधार घ्या, युनिट प्रति मीटर कापड असं माप ठरवा, कापडाचा प्रकार बदलला तर काय करायचं ते लिहा. क्लायंट एचटी (उच्चदाब वीजजोडणीवाला) असेल तर एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात त्याचं बिलिंग केव्हीएएचवर आहे, ज्यात पॉवर फॅक्टर खराब असेल तर त्याच कामाला जास्त युनिट पडतात, तेव्हा करारातलं "युनिट" म्हणजे केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेली वीज) की केव्हीएएच हे स्पष्ट हवं, नाहीतर पॉवर फॅक्टर सुधारल्याचा फायदा कोणाचा यावरून वाजेल. रीडिंग तुमच्या आणि क्लायंटच्या माणसाने एकत्र घ्यायचं, दोघांच्या सह्या. मी तुमच्या जागी असते तर मोजमापाची आणि रिपोर्टची ठरावीक फी घेतली असती आणि अंमलबजावणीपुरताच छोटा हिस्सा, तोही एका वर्षापुरता.

प्रश्न : क्लायंट घरच्यासारखा आहे, पोरीच्या लग्नाला पण आला होता. चार महिने बिल थकलंय, मागायला जीभ रेटत नाही. (एक वाचक, नाशिक)

मागा. घरच्यासारखा आहे म्हणूनच सरळ मागा, मनात ठेवून कामात टाळाटाळ कराल तर ते जास्त वाईट. फोन करा, तारीख विचारा, आणि बोललेलं त्याच दिवशी मेलवर टाका.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, केलीये का? सेवा देणाऱ्यालाही मिळते आणि फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. शिवाय २०२३-२४ पासून सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही आणि वर्षअखेरीलाही थकीत राहिलं तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी करात वजा मिळत नाही, त्याच्या सीएला हे नक्की माहीत असणार. हे धमकी म्हणून पहिल्या फोनला काढायचं नाही, पण बिलावर उद्यम नंबर आणि देय तारीख छापलेली असू दे. पुढच्या कामाला ४० टक्के ॲडव्हान्स, ४० रिपोर्ट दिल्यावर, बाकी मीटिंगनंतर १५ दिवसांत, आणि मागचं येईपर्यंत पुढचं काम सुरू करायचं नाही हे त्यांना आजच सांगून टाका.